तोंड कुणीकडे?

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात वालूर गावी एक गोल बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली जात नाहीत. भिंतीच्या कडेने, मळसूत्रासारख्या फिरत फिरत त्या पाण्यापर्यंत उतरतात. एके काळी गाळाने भरलेली ही बारव गावकऱ्यांनी पुढे होऊन उपसली, आणि आता ती पाहायला लांबून माणसं येतात.

या मुलखाचा दगड म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत असताना त्यातल्या लोहखनिजांच्या कणांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती तशीच गोठून राहिली. अखंड थरात हे सूक्ष्म बाण एकाच दिशेला रोखलेले असतात. पाथरवट दगड फोडतो, घडवतो आणि जसा बसेल तसा फिरवून बसवतो. मग भिंतीत एका चिऱ्याचा बाण इकडे, शेजारच्याचा तिकडे. दगड तोच आणि वजनही तेच, पण सगळ्यांची मिळून अशी एक दिशा उरत नाही.

या लेखाचा प्रश्न त्या हरवलेल्या दिशेचा आहे. गुरुत्वाकर्षण वस्तूला विचारतं, तू किती जड? विद्युतबल विचारतं, तुझ्यावर भार किती? 'तुझं तोंड कुणीकडे?' एवढंच विचारणारं, आजवर न सापडलेलं एखादं बल निसर्गात आहे का? असलं तरी रोजच्या वस्तूंमध्ये ते जाणवणार नाही, कारण त्यांच्यातले कोट्यवधी बाण बारवेच्या चिऱ्यांसारखे एकमेकांना खोडून टाकतात. ते शोधायचं तर आधी बाण एका रांगेत उभे करावे लागतात. आणि बाण रांगेत आले की आणखी एक जण आगंतुकासारखा हजर होतो, तो म्हणजे चुंबक. या शोधाचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास बराचसा त्या आगंतुकाला गप्प बसवण्याचा आहे.

फिरकी म्हणजे काय

इलेक्ट्रॉन, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या अंगी वस्तुमान आणि विद्युतभार यांच्याखेरीज आणखी एक जन्मजात गुण असतो, स्पिन. परिभाषेत त्याला 'परिवलन' म्हणतात. इथे 'फिरकी' म्हणू. १९२५ साली उलेनबेक आणि गाउडस्मिट या दोन तरुण डच शास्त्रज्ञांनी ही कल्पना मांडली. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर गरगरत नाही, पण त्याच्याजवळ भोवऱ्यासारखा एक आस असतो, आणि त्या आसाच्या दिशेने तो एक इवलासा चुंबकही असतो. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावलं की हा आस वेग मंदावलेल्या भोवऱ्यासारखा डुलू लागतो. डुलण्याची वारंवारता मोजली की त्याला कोण किती ढकलतंय ते कळतं.

मोजण्याच्या या तंत्राशी मुंबईचं जुनं नातं आहे. १९५१ साली स्टॅनफर्डमध्ये आर्नल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलमधल्या हायड्रोजनच्या केंद्रकांची फिरकी तपासली, तेव्हा एका संकेताऐवजी तीन वेगवेगळे संकेत मिळाले. शेजारी कोण बसलंय त्यानुसार एकाच जातीच्या केंद्रकाचं डुलणं किंचित बदलतं, हे त्यातून दिसलं. यातल्या एस. एस. धर्मट्टी यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या विद्येचा पाया घातला. आज रुग्णालयातला एमआरआय याच तत्त्वावर चालतो. शेजाऱ्याचा हलकासा धक्का ओळखणारी फिरकी अनोळखी बलाचा धक्काही ओळखेल, हीच पुढच्या सगळ्या प्रयोगांची आशा आहे.

बल वाहून नेणारे कण

आधुनिक भौतिकीत बल म्हणजे दोन कणांमधली देवघेव. ती देवघेव करणारा मध्यस्थ कण बोसॉन जातीचा असतो. हे नाव सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडलं. मध्यस्थ जितका हलका तितका बलाचा पल्ला लांब, आणि जितका जड तितका आखूड. प्रकाशकणाला वस्तुमान नाही, म्हणून चुंबकाचा आणि विद्युतभाराचा प्रभाव दूरवर पोचतो. १९३५ साली युकावा यांनी हेच गणित उलटं मांडलं. केंद्रकातलं बल अतिशय आखूड पल्ल्याचं आहे, तेव्हा त्याचा वाहक जड असला पाहिजे.

या कथेत एक मुंबईकर लवकरच येतो. मुंबईत १९०९ साली जन्मलेले होमी भाभा १९३८ साली इंग्लंडमध्ये होते. केंद्रकातलं बल वाहणारा कण स्वतः एक एकक फिरकीचा असेल तर काय होईल, याचा सिद्धांत त्या वर्षी स्वतंत्रपणे मांडणाऱ्या मोजक्या लोकांत ते होते. या कणाला 'मेसॉन' हे सुटसुटीत नाव असावं, हेही त्यांनीच १९३९ साली सुचवलं. कोणत्या फिरकीचा वाहक कसलं बल घडवतो, हा आजच्या शोधाचा पायाभूत प्रश्न तेव्हाच टेबलावर आला होता.

फिरकीवर अवलंबून असणारं, बोसॉनने वाहिलेलं बल निसर्गात आधीपासूनच आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवं. १९४७ साली सापडलेला पायॉन इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७० पट जड आहे. त्याने जोडलेल्या दोन कणांमधली ओढ त्यांच्या फिरक्या कोणत्या दिशेला आहेत यावर ठरते. त्याची खूण पायॉन सापडायच्या आधीच, १९३९ साली, राबी यांच्या गटाला मिळाली होती. एक प्रोटॉन आणि एक न्यूट्रॉन मिळून झालेलं जड हायड्रोजनचं केंद्रक पुरतं गोल नाही, किंचित लांबट आहे. 'तोंड कुणीकडे' विचारणाऱ्या बलाने त्याला तसा आकार दिला आहे.

म्हणून आजचा प्रश्न असा आहे: पायॉनचा एखादा फार हलका नातेवाईक आहे का? पायॉनच्या बलाचा पल्ला एका मिलिमीटरच्या लाख कोटींश भागाएवढा आहे. एक मिलिमीटर पल्ल्याच्या बलासाठी इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २६० कोटी पट हलका कण लागेल. मीटरभर पल्ल्यासाठी आणखी हजार पट हलका. इतका हलका कण टकरीतून निर्माण करायला ऊर्जा फारशी लागत नाही, पण तो दुसऱ्यांशी जवळपास बोलतच नसेल तर यंत्रात दिसणार नाही. त्याने वाहिलेलं मंद बल मात्र टेबलावरच्या प्रयोगात कदाचित जाणवेल.

अ‍ॅक्सियॉन आणि आरशातला गणपती

असा कण असावा असं वाटायला एक भक्कम कारण आहे. केंद्रकातल्या तीव्र बलाच्या समीकरणांत एक पद येऊ शकतं, जे न्यूट्रॉनच्या एका टोकाला किंचित धन आणि दुसऱ्या टोकाला किंचित ऋण भार देईल. मोजमाप सांगतं की तसं काही दिसत नाही. त्या पदाचं मूल्य हजार कोटींत एका भागाहून लहान असायला हवं. इतका काटेकोर शून्य आपोआप कसा? १९७७ साली पेचेई आणि क्विन यांनी सुचवलं की एक नवं क्षेत्र त्या पदाला ओढून शून्यावर आणत असावं. १९७८ साली वाइनबर्ग आणि विल्चेक यांच्या स्वतंत्रपणे लक्षात आलं की तसं असेल तर एक नवा हलका बोसॉन असलाच पाहिजे. विल्चेक यांनी त्याला अ‍ॅक्सियॉन हे नाव एका अमेरिकी धुण्याच्या पावडरीवरून दिलं, कारण तो एक डाग साफ करतो!

१९८४ साली मूडी आणि विल्चेक यांनी हिशेब मांडला की असा कण तीन तऱ्हेची बलं घडवू शकतो. पहिल्यात दोन्ही बाजूंची फिरकी बाजूलाच राहते. दुसऱ्यात एका बाजूला साधं वस्तुमान आणि दुसऱ्या बाजूला फिरकी. तिसऱ्यात दोन्हीकडे फिरकी. आज चाललेल्या बहुतेक प्रयोगांची वंशावळ या शोधनिबंधापर्यंत जाते.

यातलं दुसरं बल विलक्षण आहे. उजव्या सोंडेचा गणपती आरशात डाव्या सोंडेचा दिसतो. जमिनीवर फिरणारा भोवरा भिंतीवरच्या आरशात उलटा फिरताना दिसतो, पण त्याच्या वर टांगलेला दिवा आरशातही वरच असतो. समजा, नियम असा असला की डावीकडून उजवीकडे फिरणारा भोवरा वरच्या दिव्याकडे ओढला जातो, तर आरशातल्या जगात तोच नियम खोटा ठरेल. चित्रफीत उलटी चालवली तरीही तो खोटा ठरेल, कारण भोवरा उलटा फिरेल आणि दिवा जागेवरच राहील. आरसा आणि काळ या दोन्हींची सममिती मोडणारं दूरगामी बल आजवर दिसलेलं नाही. आरशाची सममिती निसर्ग मोडतो हे मात्र १९५७ सालीच सिद्ध झालं. ली आणि यांग यांच्या शंकेनंतर वू यांनी कोबाल्टची केंद्रकं एका दिशेला रांगेत लावली, तेव्हा बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन फिरकीच्या उलट बाजूला अधिक गेले. पण ते काम केंद्रकाहूनही आखूड पल्ल्याच्या क्षीण बलाचं होतं.

२००६ साली डोब्रेस्कू आणि मोचोयू यांनी बलांची ही यादी वाढवली. दोन कणांच्या फिरक्या, त्यांच्यातलं अंतर आणि त्यांचा सापेक्ष वेग यांच्यापासून किती वेगळ्या रचना बनू शकतात? त्यांचं उत्तर सोळा, आणि त्यांपैकी पंधरांत फिरकी येते. यादी सोयीची होती. प्रत्येक प्रयोगशाळा एकेक रचना घेऊन तिच्यावर मर्यादा घालू लागली. पण खरा बोसॉन एकटी रचना घेऊन येत नाही, तो तीनचार रचना ठराविक प्रमाणात मिसळून आणतो. २०१९ साली फादेयेव, स्टॅडनिक, फिचेक, कोझलोव्ह, फ्लॅमबाउम आणि बुडकर यांनी हिशेब पुन्हा बोसॉनच्या बाजूने मांडला. वाहक शून्य फिरकीचा असेल तर कोणतं मिश्रण येतं, एक फिरकीचा असेल तर कोणतं, आणि अणूच्या पोटात दोन कण एकाच जागी येतात तेव्हा कोणती जास्तीची पदं विसरता कामा नयेत, हे त्यांनी स्पष्ट केलं. त्यामुळे मीटरभर अंतरावरचा प्रयोग आणि अणूतलं मोजमाप एकाच तराजूत तोलता येऊ लागलं. भाभांच्या काळचा प्रश्न असा नव्या रूपात परत आला.

फिरकी घेणारा चुंबक

आता आगंतुकाकडे वळू. फिरकी रांगेत लावली की तिचं चुंबकत्वही रांगेत लागतं, आणि ते कोणत्याही कल्पित नव्या बलाहून कितीतरी मोठं असतं. यंत्रात काही हललं की पहिला संशय त्याच्यावरच घ्यावा लागतो. मराठीत 'फिरकी घेणं' म्हणतात ते इथे अक्षरशः घडतं.

चुंबकाच्या गलबल्यापुढे माघार घेतल्याची एक गोष्ट आपल्या किनाऱ्यावरची आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार हे कळलं, तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं की तारांतली वीज या नोंदी बिघडवणार. १९०४ साली अलिबागला, लोखंड कटाक्षाने टाळून बांधलेल्या इमारतींत, नवी वेधशाळा सुरू झाली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन जुनी आणि नवी मालिका नीट सांधली गेली, आणि मगच कुलाब्याचं चुंबकीय काम थांबलं. गलबल्यापासून दूर जायचं आणि जुन्या-नव्याची तुलना होईल अशी सोय ठेवायची, हे अलिबागचे दोन्ही धडे फिरकीच्या प्रयोगांत जसेच्या तसे लागू पडतात. फक्त पट्टी फार बारीक झाली आहे. आपल्याकडे पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. आजचे उत्तम अणुचुंबकमापक त्याच्या अब्जाव्या भागाहूनही लहान बदल टिपतात.

पण चुंबकत्वापासून पळून किती जाणार? फिरकीच त्याला बरोबर घेऊन येते. तेव्हा त्याला जागच्या जागी गप्प करण्याच्या युक्त्या निघाल्या. त्यांतली सर्वांत देखणी सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेकेल, एडलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. त्यांनी अर्धं कडं अल्निकोचं आणि अर्धं समॅरियम-कोबाल्टचं केलं. दोन्ही चुंबकच. दोघांचं चुंबकत्व समान ठेवलं, म्हणजे क्षेत्ररेषा कड्याच्या आतल्या आत फिरून बंद होतात आणि बाहेर काही उरत नाही. पण अल्निकोचं चुंबकत्व जवळपास सगळं फिरकीतून येतं, तर समॅरियममध्ये मोठा वाटा इलेक्ट्रॉनच्या कक्षेतल्या गतीचा असतो. म्हणजे चुंबकत्व समतोल राहिलं, तरी फिरकी समतोल राहत नाही. बाहेरून निश्चुंबक दिसणाऱ्या या लोलकात सुमारे १ वर २३ शून्ये इतके इलेक्ट्रॉन एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. तो बारीक तारेला टांगून संथ फिरत्या चौथऱ्यावर ठेवला. तोंड पूर्वेला असताना, उत्तरेला असताना, सूर्याकडे असताना तारेला वेगळा पीळ बसतो का, हे पाहत राहिले. नव्या बलाचा म्हणावा असा पीळ बसत नाही, असंच उत्तर २००८ सालच्या त्यांच्या शोधनिबंधात आलं.

दुसरी युक्ती वायूंची. प्रिन्स्टनमध्ये रोमालिस यांच्या गटाने एकाच कुपीत पोटॅशियमची वाफ आणि हेलियम-३ वायू ठेवले. बाहेरचं चुंबकीय क्षेत्र बदललं की हेलियमची फिरकी त्याच्याशी जुळवून घेते आणि पोटॅशियमला बदल कळूच देत नाही. पण जे बल चुंबकत्वाच्या नियमाने वागत नाही त्याला ही झाकण्याची सोय नाही. ते आलं तर उघडं पडेल.

अंतराच्या पट्टीवर

बलाचा पल्ला माहीत नसल्याने अंतराच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळं यंत्र लागतं.

सर्वांत लांबच्या टप्प्यात पृथ्वीच चुंबकाचं काम करते. २०१३ साली अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्टच्या हंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब केला की पृथ्वीच्या पोटातल्या लोहखनिजांमध्ये, भूचुंबकीय क्षेत्रामुळे, सुमारे १ वर ४२ शून्ये इतके इलेक्ट्रॉन किंचित एका बाजूला झुकलेले आहेत. एकेक इलेक्ट्रॉन हजारो किलोमीटर दूर, पण त्यांची संख्या सगळ्या प्रयोगशाळांतल्या चुंबकांपेक्षा प्रचंड. अ‍ॅमहर्स्टच्या आणि सिएटलच्या यंत्रांनी त्यांचा काही परिणाम होतो का ते तपासलं. परिणाम नाही, पण लांब पल्ल्याच्या फिरकी-फिरकी बलावर त्यातून कडक मर्यादा आली.

अर्ध्या मीटरच्या टप्प्यावर प्रिन्स्टनची कुपी उभी आहे. २००९ साली वासिलाकिस आणि सहकाऱ्यांनी पन्नास सेंटिमीटर अंतरावर हेलियम-३ची दुसरी कुपी ठेवली आणि तिच्या फिरकीची दिशा उलटसुलट केली. डुलण्याच्या गतीतला जो फरक त्यांना ओळखता आला तो १८ पिकोहर्ट्झ होता. म्हणजे अशा गतीने फिरणाऱ्या भोवऱ्याला एक फेरी पुरी करायला सुमारे साडेसतराशे वर्षं लागतील. सातवाहनांची सत्ता मावळल्यावर काही दशकांत सुरू झालेली फेरी आत्ता कुठे पुरी होत असती. हेलियम-३च्या केंद्रकाची फिरकी बहुतेक त्यातल्या न्यूट्रॉनची असते, तेव्हा निष्कर्ष असा की दोन न्यूट्रॉनमधलं असलं अनोळखी बल त्यांच्या चुंबकीय बलाच्या पाच कोटींत एका भागाहून आणि त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या पाचशेंत एका भागाहून कमी आहे. दोन न्यूट्रॉनमधल्या गुरुत्वाकर्षणाहूनही कमजोर बल ओळखण्याची ताकद या कुपीत आहे, ही गोष्ट थांबून विचार करण्यासारखी आहे.

मिलिमीटरच्या टप्प्यावर पुन्हा सिएटलचा गट आहे. चुंबकांची कडी समोरासमोर ठेवून २०१५ साली त्यांनी इलेक्ट्रॉन-इलेक्ट्रॉन बलाचा शोध घेतला. वस्तुमान आणि फिरकी यांच्यातलं बल शोधण्यासाठी अर्वानिताकी आणि जेरासी यांनी २०१४ साली वेगळी योजना मांडली: दातेरी टंगस्टनचं चक्र हेलियम-३च्या शेजारी फिरवायचं, मध्ये अतिसंवाहकाची भिंत घालायची. चुंबकीय गलबला भिंतीला अडेल, नवं बल आरपार जाईल.

मायक्रोमीटरच्या टप्प्यावर दोनच कण पुरतात. इस्रायलच्या वाइझमन संस्थेत कोटलर, ओझेरी आणि सहकाऱ्यांनी स्ट्रॉन्शियमचे दोन आयन दोन-अडीच मायक्रोमीटर अंतरावर तरंगत ठेवले आणि दोघांच्या एकेका इलेक्ट्रॉनमधलं चुंबकीय बल मोजलं. आसपासचा चुंबकीय गोंधळ त्याच्या दशलक्षपट मोठा होता. पण दोघांची फिरकी अशी गुंफली होती की गोंधळ दोघांना सारखाच लागून वजा होत होता. २०१५ साली त्याच मोजमापातून नव्या बलावर मर्यादा घातली गेली. इथे चुंबकाला गप्प केलं नाही, त्यालाच नेमकं मोजून उरलेल्यात कोणी आहे का ते पाहिलं. २०१८ साली चीनमध्ये हिऱ्यातल्या एका सदोष जागी अडकलेल्या एकट्या इलेक्ट्रॉनला संवेदक करून, त्याच्या जवळ काचेचा अर्धगोल हलवत ठेवून, वस्तुमान-फिरकी बलाचा शोध घेतला गेला.

अणूच्या टप्प्यावर नवीन यंत्र लागतंच असं नाही. हायड्रोजनच्या रेणूत दोन प्रोटॉन अँगस्ट्रॉमच्या आत बसलेले असतात. त्यांच्या फिरक्यांमधली देवघेव सिद्धांताने काढायची, प्रयोगाने मोजायची, आणि जो फरक राहू शकतो त्याहून मोठं नवं बल नाही असं म्हणायचं. नॉर्मन रॅमझी यांनी १९७९ साली जुन्याच आकड्यांवरून हे करून दाखवलं. पुढे हेलियमच्या वर्णपटावरून इलेक्ट्रॉनसाठी तेच झालं. इथे अडचण चुंबकाची नसून गणिताची आहे. सिद्धांत जितका अचूक, तितकीच मर्यादा कडक.

ताऱ्यांची साक्ष

आढावा प्रामाणिक असायचा तर एक गैरसोयीची गोष्ट सांगायलाच हवी. अनेक पल्ल्यांवर प्रयोगशाळेपेक्षा तारे अधिक कडक बोलतात. हलका बोसॉन असेल तर ताऱ्याच्या तापलेल्या गाभ्यात तो निर्माण होईल, अडथळ्याविना बाहेर पडेल आणि ऊर्जा घेऊन जाईल. तारा लवकर निवेल. लाल राक्षसी तारे आणि श्वेतबटू यांच्या वयाचा हिशेब तसं झालेलं दिसू देत नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये दिसलेल्या अतिनवताऱ्यातून पृथ्वीवर सुमारे दोन डझन न्यूट्रिनो टिपले गेले, ते काही सेकंदांत पसरलेले. ऊर्जा दुसऱ्या चोरवाटेने गेली असती तर हा झोत लवकर आटला असता.

२०१२ साली राफेल्ट यांनी दाखवलं की वस्तुमान-फिरकी बलाची सर्वांत कडक मर्यादा बऱ्याच पल्ल्यांवर थेट प्रयोगातून येत नाही. फिरकीविना बलाच्या लोलक-प्रयोगातला आकडा आणि ताऱ्यांवरून फिरकीच्या बाजूचा आकडा, या दोघांचा गुणाकार अधिक कडक ठरतो. मग टेबलावरचे प्रयोग कशाला? कारण ताऱ्याची साक्ष ऐकीव असते. ताऱ्याच्या गाभ्याविषयीचं आपलं गणित तिच्या मध्ये येतं, आणि दाट द्रव्यात वेगळा वागणारा कण तारे चुकवू शकतो. अर्थात प्रयोगांतले संकेतही पालटतात. २०२० साली इटलीतल्या झेनॉन-१टी यंत्रात सूर्याकडून येणाऱ्या अ‍ॅक्सियॉनसारखा दिसणारा जास्तीचा संकेत आला, तो तर ताऱ्यांच्या मर्यादेशीही भांडत होता. २०२२ साली त्याच्याच मोठ्या भावंडाला तो सापडला नाही.

औंढ्याजवळ

महाराष्ट्रातून या प्रश्नाकडे जाणाऱ्या वाटा आडवळणाच्या आहेत, पण आहेत. १९८६ साली फिशबाख आणि सहकाऱ्यांनी एट्व्हश यांच्या जुन्या आकड्यांतून 'पाचव्या बला'चा दावा केला, तेव्हा नागपुरात जन्मलेले रामनाथ कौशिक, सी. एस. उन्नीकृष्णन आणि टाटा संस्थेतले त्यांचे सहकारी कर्नाटकात गौरीबिदनूरला, जमिनीखाली खोल, पिळाच्या तराजूवर काम करत होते. १९८८ साली त्यांनी न्यूट्रॉन-प्रोटॉनांच्या संख्येतल्या फरकाला लागू होणाऱ्या मध्यम पल्ल्याच्या बलावर मर्यादा प्रसिद्ध केली. हे बल फिरकीचं नव्हतं, पण कारागिरी तीच: बारीक तार, टांगलेलं कडं आणि प्रत्येक खोट्या पिळाचा पाठलाग. पुण्यात वाढलेल्या रोहिणी गोडबोले (१९५२–२०२४) यांनी दुसऱ्या टोकाची वाट धरली. टॉप क्वार्कच्या फिरकीची दिशा मोजून प्रचंड ऊर्जेच्या टकरींत नव्या कणांचा माग कसा काढता येईल, हे त्यांनी दाखवलं. आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संवेदन आणि मापनाचं केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे आलं. हिऱ्यातल्या इलेक्ट्रॉनसारखे संवेदक याच विद्येत मोडतात.

त्याच महिन्यात लायगो-इंडियालाही मंजुरी मिळाली. २६०० कोटी रुपयांची, चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची, गुरुत्वीय लहरी टिपणारी ही वेधशाळा औंढा नागनाथजवळ होते आहे. संजीव धुरंधर यांच्यासारख्यांनी पुण्यात घडवलेलं गुरुत्वीय लहरींच्या विश्लेषणाचं शास्त्र आणि उन्नीकृष्णन यांच्यासारख्या लोलकवाल्यांची मापनविद्या, दोन्ही या प्रकल्पाच्या मुळाशी आहेत. औंढा आज हिंगोली जिल्ह्यात असलं तरी १ मे १९९९ पर्यंत ते वालूरच्या परभणी जिल्ह्यातच होतं. लायगोचा बोसॉनशी संबंध असा: फिरतं कृष्णविवर आणि त्याच्या आकाराशी जुळणाऱ्या पल्ल्याचा बोसॉन एकत्र आले तर कृष्णविवराची फिरकी चोरून बोसॉनचा ढग वाढत जातो आणि एकसुरी गुरुत्वीय लहर सोडतो. अशा लहरींचा शोध अमेरिकेतल्या लायगोच्या नोंदींत सुरू आहे. त्यासाठी बोसॉनने इतर द्रव्याशी बोलायचीही गरज नाही, वजन असलं की पुरे.

औंढ्याच्या देवळाविषयी दोन कथा परंपरेने सांगितल्या जातात. एकीत विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले असतात. नामदेव चिडतात, तेव्हा विसोबा म्हणतात, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे फिरवतात, तिकडे पिंड उभी राहते. दुसरीत कीर्तनाला देवळामागे धाडलेल्या नामदेवांकडे अख्खं देऊळच वळतं. पहिली कथा सांगते, कोणतीही दिशा वेगळी नाही. दुसरी सांगते, तोंड कुणीकडे याला अर्थ आहे.

सिएटलचा लोलक, प्रिन्स्टनची कुपी, हिऱ्यातला एकटा इलेक्ट्रॉन, सगळे नामदेवांनी केलं तेच करतात. फिरकीचे पाय उचलतात, एकेका दिशेला फिरवतात, आणि काही बदललं का पाहतात. चाळीस वर्षांत पट्टी कितीतरी पटींनी बारीक झाली, चुंबकाचा गलबला दर वेळी आणखी खाली दाबला गेला, आणि आजवर जिकडे पाय फिरवले तिकडे पिंडच निघाली. निकाल अजून विसोबांच्या बाजूने आहे. देऊळ वळलंच, तर ते किती वळलं हे सांगायला अंश पुरणार नाही, पिकोहर्ट्झ लागतील.